घर बदललं, मग कागद का नाही?

मैत्रिणींनो, वरचा मथळा वाचून तुमच्यापैकी पुष्कळजणींना वाटेल की हा काही आपला विषय नव्हे. आपलं सगळं बरं चाललंय, कर्ते पुरुष घरात आहेत, पेन्शनीच्या कचेरीशी आपला काय संबंध? खरं सांगते, २०१८ च्या श्रावणापर्यंत मलाही असंच वाटत होतं. त्या श्रावणात एका संध्याकाळी मुलांचे बाबा कामावरून आले, चहा मागितला आणि चहा होईपर्यंत संपले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, मुलगा पाच.

ते कुपवाडच्या एका कारखान्यात होते. पगारातून दर महिन्याला फंड कापला जातो एवढंच मला ठाऊक होतं. त्यातला काही भाग पेन्शनीचा असतो, हे मला त्यांच्या माघारी कळलं. १९९५ सालच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली मला महिना २२४० रुपये सुरू झाले आणि दोन्ही मुलांना प्रत्येकी ५६०. सगळे मिळून ३३६०. तुम्ही म्हणाल, आजच्या दिवसांत एवढ्यात काय होतं? पण ज्या घरात शिलाई मशीनवर महिना निघतो, त्या घरात ३३६० म्हणजे गॅस, वीज आणि मुलांच्या वह्या. शिवाय ही रक्कम कुणाची मनधरणी न करता येते. पाच वर्षं मी त्या पैशावर फार विसंबून होते.

२०२३ साली माझं दुसरं लग्न झालं. पुढाकार कुणी घेतला म्हणाल? माझ्या सासूबाईंनी. हो, पहिल्या सासूबाईंनीच. "माझा लेक गेला, पण तू कुठं गेलीयस? पस्तिशीत कुणी असं बसून राहतं का?" असं त्या मला स्वयंपाकघरात म्हणायच्या, बाहेरच्या खोलीत कधी नाही. स्थळ त्यांच्याच ओळखीतलं. ह्यांची पहिली पत्नी करोनात गेलेली, मूलबाळ नाही, छापखान्यात नोकरी, माणूस शांत. मुलांशी आधी गट्टी जमली, मग माझ्याशी बोलणं झालं.

सगळं ठरलं आणि माझ्या एका चुलत नणंदेनं मला बाजूला घेतलं. "वहिनी, देवळात हार घाला, चार माणसांना जेवू घाला. पण नोंदणी-बिंदणी करू नका. पेन्शन बंद होईल. मुलांच्या तोंडचा घास का घालवता? कोण बघायला येतंय?"

तिचा हेतू वाईट नव्हता. मला पटलं, कारण मला तसंच ऐकायचं होतं. ह्यांना ते आवडलं नाही. "उगाच लपवाछपवी कशाला?" एवढं म्हणाले आणि माझा चेहरा बघून गप्प बसले. सासूबाईंना आम्ही सांगितलंच नाही.

मे महिन्यात लग्न झालं. गळ्यात मंगळसूत्र आलं. शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलावू लागल्या. कागदावर मात्र मी होते तीच राहिले.

मग आला नोव्हेंबर. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची पद्धत होती, आता यंत्रावर बोट टेकवायचं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मुलगा हे काम करतो. मी मुलीला बरोबर घेऊन गेले. तो संगणकावर एकेक रकाना भरत होता. नाव, नंबर, बँक. मान वर न करता त्यानं विचारलं, "पुनर्विवाह झालाय का?"

मैत्रिणींनो, गळ्यातल्या मंगळसूत्रावरून मी पदर ओढून घेतला आणि म्हटलं, "नाही."

झालं. बोट टेकवलं, पावती मिळाली. घराकडे निघालो. मुलगी एरवी बडबडी, पण अर्ध्या रस्त्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मारुतीच्या देवळापाशी आल्यावर म्हणाली, "आई, मग काका आपले कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री भाकऱ्या थापताना दोन करपल्या. मुलांना मी काय शिकवत होते? वहीत चुकीचं उत्तर लिहून खोडलं तरी मी रागावते. आणि जो माणूस सकाळी उठून माझ्या मुलाच्या बुटांना पॉलिश करतो, त्याला मी एका अनोळखी पोराच्या समोर 'नाही' करून टाकलं होतं.

आठवड्याभरात ह्यांना घेऊन नगरपालिकेत गेले. लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांत करायची असते. आम्हाला उशीर झालेला, दंड भरला. तो दाखला, मुलांचे जन्माचे दाखले, आधार कार्डं आणि पेन्शनीचे जुने कागद पिशवीत घातले आणि कोल्हापूरच्या बसमध्ये बसले. निधीची कचेरी तिथं आहे. वाटभर मनात एकच हिशेब. आता ३३६० गेले. झालंच तर मागचेही परत मागतील. पोलिसांत देतात की काय, इथपर्यंत मजल गेली होती.

टेबलामागं एक पोक्त बाई होत्या. मी जे घडलं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

"मग एवढं घाबरलात कशाला?" त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. ते पाकीट मी मागून आणलं, अजून माझ्याजवळ आहे.

तो हिशेब तुम्हीही नीट समजून घ्या. या योजनेत विधवेचं पेन्शन तिच्या हयातीपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळतं, जे आधी घडेल तिथवर. ती असेतो मुलांना तिच्या पेन्शनीच्या २५ टक्के, असं एका वेळी दोन मुलांना मिळतं. पण तिचं पेन्शन बंद झालं म्हणजे मुलांचं बंद होत नाही. उलट ते वाढतं. प्रत्येक मुलाला त्या विधवा पेन्शनीच्या ७५ टक्के मिळू लागतात. म्हणजे माझे २२४० गेले आणि मुलांचे ५६० चे १६८० झाले. दोघांचे मिळून किती? ३३६०!

मी पाकिटाकडे बघतच राहिले. जे पैसे वाचवायला मी मुलीच्या देखत खोटं बोलले, ते पैसे हलणारच नव्हते. फक्त ज्याच्या नावावर येत होते ती नावं बदलणार होती. सहा महिने मी चोरासारखी वागले ती कशासाठी, तर शून्य रुपयांसाठी.

अर्थात सगळ्यांचा हिशेब असा बरोबर जुळत नाही. मला एकच मूल असतं तर २८०० चे १६८० झाले असते, म्हणजे महिना ११२० रुपयांची तूट. तरीही सांगावं लागलंच असतं. पण आधी विचारलं असतं तर ती तूट कशी भरायची हे लग्नाच्या बोलणीतच ठरवता आलं असतं. मानपान आणि साड्यांवर आपण तासन् तास बोलतो, मुलांच्या पैशांवर बोलायला मात्र संकोचतो.

मुलांचं हे पेन्शन त्यांच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतं, आणि मूल कायमचं पूर्ण अपंग असेल तर आयुष्यभर. सर्वांत कमी रकमेचीही हमी आहे. २०१४ च्या सप्टेंबरपासून विधवेला निदान १००० रुपये, मुलाला २५० आणि आईचं पेन्शन बंद झालेल्या मुलाला ७५०.

बाईंनी मुलांच्या नावानं अर्ज भरून घेतला. पालक म्हणून माझी सही. लग्नानंतर मला मिळालेले पैसे माझ्याकडून वळते करून घेतले आणि मुलांचा वाढीव हिस्सा त्याच तारखेपासून धरला. पोलीस-बिलीस कुणी आलं नाही. पण बाई एक गोष्ट सुनावून गेल्या. "आज स्वतःहून आलात म्हणून सहा महिन्यांचं निघालं. दहा वर्षांनी उघडकीला आलं असतं तर दहा वर्षांचं निघालं असतं, आणि तेव्हा मुलगी लग्नाची झाली असती."

एवढं सगळं चांगलं झालं, पण अर्जावरचा एक शब्द मला टोचला. मुलांच्या या पेन्शनीला 'अनाथ पेन्शन' म्हणतात. मी जिवंत, शेजारी बसलेली, आणि माझ्या हातानं माझ्या मुलांच्या नावापुढं अनाथ लिहायचं? पेन थांबलं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "हा शब्द आमच्या फाइलीतला आहे, तुमच्या घरातला नाही. सही करा."

घरी आल्यावर सासूबाईंना भेटायला गेले आणि सगळी कबुली दिली. लपवलं याचा त्यांना राग आला, आणि तो रास्तच होता. पण त्याहून जास्त राग त्या शब्दाचा आला. "माझी नातवंडं अनाथ? दोन दोन आज्या आहेत त्यांना!" मग थोड्या वेळानं शांत होऊन म्हणाल्या, "म्हणजे आता ते पैसे त्याच्या मुलांच्याच नावावर येणार? बरंच झालं की. त्याचं होतं, त्याच्या लेकरांना मिळालं."

माझ्या डोक्यात ही गोष्ट आलीच नव्हती. मी ते पैसे माझ्या वैधव्याचे समजत होते. ते त्यांच्या घामाचे होते.

आणखी एक गोष्ट. बसमधून परत येताना ह्यांनी हळूच विचारलं होतं, "उद्या मला काही झालं असतं तर?" छापखान्यात ह्यांचाही फंड कापला जातो. मी कागदावर पहिल्यांची विधवा राहिले असते, तर ह्यांची पत्नी म्हणून कुठल्या तोंडानं उभी राहिले असते? एकाच वेळी दोन्हीकडं पाय ठेवता येत नाही. फंडात लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं, नवं करावं लागतं. आम्ही ते पुढच्याच आठवड्यात करून टाकलं.

पेन्शन आटोपली तसे मी बाकीचे कागदही काढले. शिधापत्रिकेवरून सासूबाईंच्या घरातली आमची तिघांची नावं कमी करून ह्यांच्या पत्रिकेत घातली. उत्पन्नाचा दाखला नव्यानं काढला, कारण आता घराचं उत्पन्न म्हणजे ह्यांचा पगार धरून. हे महत्त्वाचं आहे. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत विधवा आणि विवाहित दोघीही बसतात, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि कुटुंबात नवरा येतो. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान विधवा म्हणून मिळत असेल, तर लग्नानंतर ते कारण उरत नाही, तहसील कचेरीत कळवायला हवं. एकट्या पालकाच्या मुलांना बालसंगोपन योजनेचे पैसे मिळत असतील तर तिथंही घर बदलल्याचं सांगायला हवं.

आणि सगळीकडे एकच नियम आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या नोकरीतला नवरा गेला आणि मूल नसलेल्या विधवेनं लग्न केलं, तर तिचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेतो तिचं कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहतं. मुलं असतील तर ते मुलांकडं जातं. तेव्हा शेजारणीचं काय झालं ते ऐकून आपलं ठरवू नये. नवरा ज्या खात्यात होता त्याच खात्यात जाऊन, लग्नाच्या आधी, विचारावं. विचारल्यानं काही बंद होत नाही.

मैत्रिणींनो, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण दुसऱ्या लग्नाचा विचार करणारी बाई सल्ला मागायला कचेरीत जात नाही. ती तुमच्याकडे येते. जाऊ म्हणून, नणंद म्हणून, मैत्रीण म्हणून. तेव्हा तिला "कोण बघायला येतंय" असं सांगू नका. बघायला घरातलीच मुलं असतात.

देवळापाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलीला मी नंतर दिलं. नोंदणीचा दाखला तिच्या हातात ठेवला. तिनं तो दोनदा वाचला आणि कपाटात, बाबांच्या फोटोखालच्या कप्प्यात, नीट ठेवून दिला.

सासूबाई अजून दर महिन्याला फोन करतात. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की शेवटी विचारतात, "माझ्या लेकाचे पैसे आले का गं?"

मी सांगते, "आले, आई. दोघांच्या नावावर."