मंद्र पंचमाची गिटार

आपल्या संगीतशास्त्रानें मंद्र स्वराचें स्थान हृदय, मध्याचें कंठ व ताराचें मस्तक असें सांगितलें आहे. हल्लींचें गायन बहुधा मस्तकांतच चालतें, अशी आमची जुनी तक्रार आहे. म्हणून पुतण्यानें 'बॅरिटोन' नांवाची गिटार पिंपळनेरास घरीं आणिली तेव्हां, त्या वाद्याविषयीं फारसा आदर नसतांहि, आम्हीं ती कान देऊन ऐकिली. आमचे वडील बंधु दादा यांनीं मात्र एक तार छेडतांच 'उतरली आहे, पिळून घ्या' असा निकाल दिला.

ती उतरलेली नव्हे. नेहमींच्या गिटारीची सर्वांत जाड तार षड्ज मानिली, तर हिची तीच तार त्याखालील मंद्र पंचमांत लाविलेली असते; कोणी मंद्र मध्यमांतहि लावितात. सहाहि तारा त्याच मानानें खालीं येतात. साध्या गिटारीच्या तारा नुसत्या सैल करून हें साधत नाहीं. त्या लुळ्या पडून पडद्यांवर खडखडतात. म्हणून तारा जाड घेतात, आणि तारेची लांबी सुमारें २५ इंचांऐवजीं २७ ते ३० इंच ठेवितात. सतारीवरून सुरबहार झाला तो याच युक्तीनें: दांडी लांब, तारा जाड, आलाप संथ. अन्नपूर्णादेवींनीं (१९२७–२०१८) जाहीर मैफली सोडून मुंबईंत शिष्य घडविले; तरी त्यांच्या नांवाबरोबर आठवतो तो सुरबहारच.

आमच्या घरीं या गिटारीचा उपयोग निराळाच निघाला. एकादशीच्या भजनांत पेटी तरुणांच्या पट्टींत वाजते. वरचा षड्ज लागेना म्हणून दादा गेलीं कित्येक वर्षें नुसते टाळ धरीत. ह्या गिटारीवर पुतण्यानें सवयीचींच बोटें ठेविलीं तरी पद आपोआप खालच्या पट्टींत उतरतें. आषाढींत दादांनीं अख्खा अभंग म्हटला. मुलांच्या गळ्यास ती पट्टी लागेना, तीं मुकाट बसलीं. इतकीं वर्षें दादा बसले, मुलें एक अभंग बसलीं तर बिघडलें काय?

वाद्यांत एक दोष आहे. खालच्या तारा एकदम झोडल्या कीं स्वर एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. अमेरिकन वादक पॅट मेथेनी यांनीं 'वन क्वाएट नाइट' (२००३) या ध्वनिमुद्रिकेंत मधल्या दोन तारा एक सप्तक वर लावून घेतल्या आहेत, त्यामुळें स्वर मोकळे राहतात. पुतण्यानें तोच प्रयोग आहे त्याच जाड तारांवर केला, दोन्ही तुटल्या. आतां बारीक तारा धुळ्याहून यावयाच्या आहेत, आणि त्या कधीं येणार याची चौकशी दादाच अधिक करितात.