प्रॉक्सी
प्रॉक्सी कुणी लावली नाही? मीही लावली आहे. पण कारगिल युद्धाला 25 वर्षं झाली, तेव्हा 26 जुलै 2024 च्या विजय दिनाला मामांसोबत द्रासला गेलो. 1999 साली मामा तिथंच बोफोर्स तोफेवर होते. स्मारकामागे तोलोलिंग उभा. 13 जूनला तो परत घेतला, तेव्हा खालून मारा करणाऱ्यांत मामांची तोफही होती.

मी उत्साहात विचारलं, "मामा, जिंकल्यावर कसं वाटलं हो?"

मामा गप्प. भिंतीवर कोरलेल्या नावांवरून फिरणारं त्यांचं बोट एका नावाशी थांबलं.

"हा आमच्या तोफेवरचा. 43 किलोचा गोळा एकटा उचलायचा." मग हळूच म्हणाले, "म्हणून येतो रे. याची हजेरी कोण लावणार?"

आता लेक्चरला दुसऱ्याच्या नावावर 'येस सर' म्हणवत नाही.