हिरवं दिसतंय म्हणजे नुकसान नाही?

2023 चा ऑगस्ट आठवतोय ना? देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमच्याकडे सोयाबीन ऐन फुलोऱ्यात आणि पाऊस गायब. पाहणीला आलेले साहेब बांधावरूनच म्हणाले, "पीक तर हिरवं आहे की!" मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, घरची शेतीही आहे. म्हणून या वाक्यावर बोलणं भाग आहे.

पाणी कमी पडलं की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याचं काम सुरू किंवा बंद करायचं, हा त्यांचा धंदा. यातल्या दुष्काळाच्या कायनेजला एरवी दुसरं एक प्रथिन दाबून ठेवतं. संप्रेरक आलं की ती पकड सुटते. मोकळं झालेलं कायनेज पानावरच्या रंध्रांच्या रक्षक पेशींतली दारं उघडतं. क्षार बाहेर, मागोमाग पाणी बाहेर, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. संप्रेरक ओळखणारी प्रथिनं 2009 साली मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात सापडली, तेव्हा ही साखळी नीट जुळली.

रंध्र मिटलं की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. अन्न कमी तयार होतं. पान हिरवंच राहतं, फुलं आणि कोवळ्या शेंगा मात्र गळतात. घरात चूल पेटेना, पण दारात सडा-रांगोळी रोजची, तशातली गत!

पीकविम्यात अशा वेळेसाठी एक सोय होती. उत्पादन निम्म्याखाली जाणार असं दिसलं तर भरपाईतले 25 टक्क्यांपर्यंत आगाऊ मिळायचे. 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्याने ती वगळली, सगळं कापणी प्रयोगावर ठेवलं. कापणीत नुकसान दिसेलही, पण पैसे येणार हंगाम उलटल्यावर. रब्बीचं बी-खत आणायचं कशातून?

रंध्रं मिटली की पान तापतं, आणि ते तापमान लांबूनही मोजता येतं. जमिनीतला ओलावाही मोजता येतो. मग ही मोजमापं धरून आगाऊ भरपाई पुन्हा सुरू करायला काय हरकत आहे? ग्रामसभेत ठराव घ्या, आमदारांना विचारा. झाडाने पहिल्याच दिवसांत ओळखलेला दुष्काळ सरकारने निदान महिन्याभरात तरी ओळखावा.

तुमच्या गावात काय अनुभव? कमेंटमध्ये लिहा.