बिन आणि कोम

आपल्याकडे नुसते नाव सांगून कुणाचे समाधान होत नाही. आगगाडीत शेजारी बसलेला गृहस्थ आधी आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो, आणि गाव सांगितले की ‘म्हणजे तुम्ही खालच्या आळीतले का?’ असा तिसरा प्रश्न टाकून डबा उघडतो. इतकी चौकशी करणाऱ्या माणसांना स्वतःच्या घराण्याची तरी पुष्कळ माहिती असेल असे कुणालाही वाटेल. पण श्राद्धाच्या दिवशी गंमत पाहावी. भटजी पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे विचारतात. पहिली दोन यजमान धडाक्याने सांगतो. तिसऱ्याला मात्र तो हळूच स्वयंपाकघराकडे पाहतो, आणि आतून आई किंवा आत्या ते नाव पुरवते. चौथे नाव भटजी विचारत नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे!

हे चौथे, पाचवे आणि सहावे नाव शोधून देणारी काही माणसे माझ्या परिचयाची आहेत. स्वतःच्या घराण्यातली नावे शोधणारे हौशी लोक पुष्कळ असतात. ही माणसे दुसऱ्यांची शोधतात, आणि तीही फुकट. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी ती जमतात. एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांना सगळा तालुका अजून भाऊसाहेब म्हणतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना सगळेच बाई म्हणतात. झेरॉक्सचे दुकान चालवणारा एक तरुण आहे. आणि मोडी वाचता येते म्हणून मी. या मंडळाला नाव नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. चहा आळीपाळीने.

मोडी मी हौसेने शिकलो होतो. मराठीच्या प्राध्यापकाला तिचा फारसा उपयोग नसतो, असे तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितले होते. पुढे 2023 साली शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी असा भाव आला, की लग्नसराईत आचाऱ्यालाही तेवढा येत नसेल. ही लिपी लिहिताना आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे लटकवत जात. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची तर कटकटच नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ही लिपी फार आवडावी! पेशवाईतल्या कागदावर सालही सरळ येत नाही. ‘सबा खमसैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार. झाले 1157. हा शुहूर सन. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1756 हाती लागतो, आणि मृगाला सुरू होणारे ते वर्ष 1757 च्या मृगापर्यंत चालते. हे गणित एकदा जमले, की मनुष्य हळूहळू कामातून जातो. मी गेलो.

आमच्याकडे येणाऱ्यांत निरनिराळे लोक असतात. मुंबईचे एक गृहस्थ मोटार घेऊन आले होते. आपले पूर्वज पानिपतावर सरदार होते असे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. भाऊसाहेब म्हणाले, “साहेब, येतो त्या प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर असतो. एवढी माणसं खरोखर गेली असती तर आपण हरलो नसतो.” तरी दोन महिने खपून आम्ही त्यांच्या घराण्याचा एक जुना कागद मिळवला. त्यात त्यांचा पूर्वज होता. पण तो दोन खंडी भात उसने घेऊन ते न फेडल्याबद्दल होता. गृहस्थांनी कागदाचा फोटो घेतला, चहा घेतला, आणि ते जे गेले ते गेलेच. मला तो भाताचा कागद सरदारकीच्या सनदेपेक्षा अधिक आवडला. उसने घेणारा माणूस ओळखीचा वाटतो.

उलट काही जण खरोखर अडलेले असतात. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. एका मुलीचा प्रवेश त्यावाचून अडला होता. वडील मोलमजुरी करणारे, आजोबा तीन गावे फिरलेले. बाईंनी तीन शाळांची जुनी जनरल रजिस्टरे पानापानाने पाहिली आणि तिसऱ्या शाळेत चुलत आजोबांचे नाव काढले. ते दुसरीत असताना शाळा सोडून गेले होते. दुसरीत शाळा सोडलेल्या मुलाच्या त्या एका ओळीवर नात परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गेली.

हे काम कशाकशातून चालते हे बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटते, कुठे तरी एक मोठी वंशावळ गुंडाळून ठेवलेली असेल. तशी ती क्वचितच असते. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. फेरफाराच्या नोंदवहीत कोण मेला आणि वारस कोण लागले ते असते. इनाम कमिशनपुढे 1852 नंतर ज्यांना आपले हक्क सिद्ध करावे लागले, त्यांच्या कैफियतींबरोबर वंशावळी सापडतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या तर प्रसिद्धच आहेत. गाव आणि आडनाव सांगावे, की पणजोबा कोणकोणत्या भावांना घेऊन आले होते ते उपाध्ये वाचून दाखवतात. आणि आमच्या कोकणात खोतांची दप्तरे. खोती 1949 च्या कायद्याने गेली. तेव्हापासून लाल रुमालात बांधलेली ती दप्तरे माळ्यावर जी पडली, ती वाळवी आणि आम्ही यांच्यात वाटून घेतलेली आहेत. इतिहासाचार्य राजवाडे याच पद्धतीने दारोदार हिंडले आणि 1898 पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली. त्यांना राज्यांचा इतिहास लिहायचा होता. आम्हाला कुणाच्या तरी खापरपणज्याचे नाव हवे असते. माळे मात्र तेच, आणि ‘त्यात काय मिळणार तुम्हाला?’ असे विचारणारे यजमानही तेच.

गेल्या वर्षी मॉरिशसहून एक पत्र आले. लिहिणाऱ्या बाई तिथल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी अगदी पुस्तकी आणि शुद्ध. 1834 पासून पुढे मजुरीच्या करारावर लाखो माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातली माणसेही होती. गणेशचतुर्थीला तिथे आज सरकारी सुटी असते, आणि आमच्या जाखडीचा नाच तिथे झाकरी म्हणून टिकून आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची जुनी रजिस्टरे जपून ठेवलेली आहेत. त्यातला उतारा बाईंनी पाठवला होता. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा. साल 1856. आडनाव नाही. तिथे पुष्कळ घरांत त्या पहिल्या माणसाचे नावच पुढे आडनाव होऊन बसले, त्यामुळे मागचा धागा तिथेच तुटतो. त्या मूळ पुरुषाचे नाव इथे देत नाही. घरच्यांची परवानगी घेतलेली नाही. अमुक बिन तमुक म्हणू. बिन म्हणजे मुलगा; जुन्या कागदांत बापाच्या नावाआधी हा शब्द येतो.

गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले. असल्या स्पेलिंगवर बाईंचा एक तोडगा आहे. त्या ते मोठ्याने, मालवणी हेल काढून, मग संगमेश्वरी हेल काढून म्हणतात, आणि आम्ही डोळे मिटून ऐकतो. वाचनालयात नव्याने आलेल्या माणसाला हा वेड्यांचा बाजार वाटतो. पण असे म्हणता म्हणता गाव सापडते. सापडले तरी एक सापडत नाही, ही दुसरी अडचण. समजा ‘कोंड्ये’ निघाले, तर ते राजापूर तालुक्यात आहे आणि कणकवली तालुक्यातही आहे. शिवाय त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. सिंधुदुर्ग त्यातून 1981 साली निघाला. सावंतवाडी तर तेव्हा वेगळे संस्थान. आमच्या गावाचीही अशीच तीन गावे निघाली. भाऊसाहेबांनी नोकरीत असताना पायी तुडवलेला मुलूख होता. एक गाव त्यांनी खाडीवर नसल्यामुळे शेवटी ठेवले, दुसऱ्यात खोताचे दप्तर जळाले होते, आणि तिसऱ्या गावी एका घराच्या माळ्यावर सात रुमाल मिळाले.

चार महिने आम्ही ते वाचले. मी वाचायचे, बाईंनी लिहून घ्यायचे, तरुणाने प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. शके 1778 च्या हिशेबात, म्हणजे 1856-57 मध्ये, ते नाव आले. अमुक बिन तमुक. पुढे किती भात देणे ते, आणि त्यापुढे एकच शब्द: परागंदा.

झेरॉक्सवाल्या तरुणाने टेबलावर हात मारला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी लगेच पत्राचा कागद ओढला. भाऊसाहेब म्हणाले, “थांबा. ह्या नावाची माणसं कोकणात पायलीला पन्नास.”

“बापाचं नाव जुळतंय, साल जुळतंय,” बाई म्हणाल्या.

“बापाचं नावही पायलीला पन्नासच. परागंदा म्हणजे गाव सोडून गेला, एवढंच. मुंबईला गेला असेल, सासुरवाडीला गेला असेल. सर, पुढचं वाचा.”

मी पुढच्या वर्षाचा हिशेब उलगडला. तेच शेत, तेवढेच भात. खातेदाराच्या जागी एका बाईचे नाव, मग ‘कोम’, आणि मग त्याचे नाव. बिन म्हणजे जसा मुलगा, तशी कोम म्हणजे बायको.

खोलीत कुणी बोलले नाही. मॉरिशसच्या बाईंनी पाठवलेल्या कागदांत मूळ पुरुषाचे तिकडचे लग्न होते, मुले होती. इकडच्या बायकोचा उल्लेख कुठेच नव्हता. मी शके 1779 पासून पुढे पाने उलटत गेलो. दर वर्षी ती होती. कधी भात पुरे दिलेले, कधी बाकी राहिलेली, एका वर्षी बाकीबद्दल एक भांडे घेतल्याची नोंद. शके 1789 पर्यंत, म्हणजे अकरा हिशेबांत. बाराव्यात त्या शेतापुढे दुसऱ्याच कुणाचे नाव.

हे कळवायचे की नाही, यावर आमचे दोन रविवार गेले. तरुणाचे म्हणणे, त्या बाईंनी मूळ पुरुष मागितला आहे, तो द्यावा आणि बाकीचे राहू द्यावे. दीडशे वर्षांपूर्वीचे रडगाणे पाठवून कुणाचे भले होणार? भाऊसाहेबांचे म्हणणे, तोच मूळ पुरुष कशावरून हेच सिद्ध नाही, तेव्हा काहीच ठाम लिहू नये. मला दोघांचेही थोडे थोडे पटत होते. वंशावळीचे काम करता करता एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागते. छापील कुलवृत्तांत उघडावा तर पुरुषांमागून पुरुष चालत येतात, आणि बायका एका ओळीत माहेरच्या आडनावासह आल्या तर पुष्कळ. जुन्या पिढ्यांत तेवढेही नाही. ही बाई एका वंशावळीत यायची राहून गेली होती, पण खोताच्या हिशेबात अकरा वर्षे टिकली होती. कर्जदार म्हणून का होईना.

बाई म्हणाल्या, “मी काही ठाम लिहीत नाही. पानांचे फोटो पाठवू, तुम्ही वाचलेलं देवनागरीत पाठवू, आणि भाऊसाहेब, तुमच्या सगळ्या शंका नंबर घालून पाठवू. पण पानं अर्धी पाठवायची नाहीत. तिचं काय ते ती ठरवील. शाळामास्तरीण आहे ती.” भाऊसाहेब म्हणाले, “शंका मी सांगतो तशा लिहा.” त्या सात झाल्या. पत्र गेले.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत तरुण दर रविवारी ‘आलं का?’ विचारी आणि बाई काही न बोलता मान हलवीत. शेवटी आले. ‘आपले पत्र पावले’ अशी सुरुवात. मूळ पुरुषाबद्दल त्यांनी फक्त एवढेच लिहिले होते, की आपल्या सात शंका त्यांना मान्य आहेत आणि त्यांच्या घरी कुणी त्याला गावचा म्हणून मिरवणार नाही. बाकीचे सगळे पत्र तिच्याबद्दल होते. शेत केवढे होते? भांडे परत मिळाले का? ती वारली की निघून गेली? मुलेबाळे होती का? आणि खाली वेगळ्या ओळीत: ‘हिचे माहेर कोणते?’

हा प्रश्न आमच्या सगळ्या कागदांना जड आहे. ‘कोम’ नवरा सांगतो, बाप सांगत नाही. नवऱ्याने टाकलेली बाई भावाकडे गेली असेल, तर त्याच्या गावच्या हिशेबात तिचा एखादा उल्लेख असू शकतो. पण ते गाव कोणते? भाऊसाहेबांचा अंदाज असा, की त्या काळी मुलगी दिवसभर चालून पोचेल एवढ्या अंतरापलीकडे सहसा देत नसत. त्यांनी नकाशावर दोऱ्याने एक गोल काढला. त्यात एकवीस गावे आली. चार गावांत खोतांची जुनी घरे उभी आहेत. त्यांपैकी एका घरच्या माळ्यावर दप्तर आहे आणि यजमानीणबाई पावसाळा सरल्यावर या म्हणाल्या आहेत. शिडी आपली आणा, असेही म्हणाल्या. तरुणाने एक शिडी पाहून ठेवली आहे.