दोन मशीनचा एक आवाज

नायगावच्या चाळीतून पायी जाता येतील इतकी थिएटरं आमच्या आसपास होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या इमारतीतलं शारदा, आंबेडकर रोडवरचं चित्रा, मग हिंदमाता, लालबागेत भारतमाता. गिरण्यांच्या पाळ्या सांभाळून सिनेमा बघणारं हे पब्लिक. चित्र जरा हललं तर चालवून घ्यायचे, पण ऐन संवादात आवाज गेला की शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घ्यायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. घामाच्या पैशाचं तिकीट होतं ते.

आवाज जायचा तो बहुधा रीळ बदलताना. दोन हजार फुटांचं रीळ मिनिटाला 90 फुटांच्या वेगाने साधारण 22 मिनिटं चालतं. तोवर ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवून तयार. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला चित्र आणि आवाज दोन्ही एकदम पलीकडे न्यायचे. चित्राला झडप असते. आवाजाचं काम वायरिंगचं, म्हणजे माझं.

फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी छापलेली असते. एक्साइटर लॅम्पचा उजेड तिच्यातून सेलवर पडतो, त्याची वीज होते आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. ही वीज इतकी नाजूक, की शेजारून मोटरची केबल गेली तरी तिची घरघर पडद्यामागच्या स्पीकरमधून ऐकू येते.

परळच्या एका थिएटरात जुनी पद्धत होती: एका मशीनचा लॅम्प बंद, दुसऱ्याचा चालू. लॅम्पची तार तापायला क्षणभर लागतो, तेवढ्यात वाक्याचं पहिलं अक्षर गायब. मालकांनी सांगितलं, हे बंद करा. मग दोन्ही लॅम्प पेटते ठेवून सेलच्या वायरी रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर, घ्यायचं ठरवलं. जो सेल कामात नाही त्याची वायर रिलेनेच अर्थला बांधायची, म्हणजे त्याचा आवाज मध्ये घुसत नाही.

रात्रीचा शेवटचा शो सुटल्यावर काम सुरू व्हायचं. केबिनमध्ये उकाडा, कार्बनचा वास. मी सोल्डर करायचो, ऑपरेटर मामा बॅटरी धरायचे. रिले लागला. एक नंबर स्वच्छ वाजलं. दोन नंबरवर टाकलं तर घूंऽऽ.

"मामा, दोनचा लॅम्प बंद करा."

"केला रे. तरी गुरगुरतंय!"

लॅम्प बंद करूनही हम राहतो, म्हणजे दोष उजेडात नाही, वायरीत आहे. मी केबलचा माग काढत गेलो. शील्डची जाळी अॅम्प्लिफायरच्या रॅकमध्ये अर्थला होतीच, आणि पूर्वी कुणीतरी ती मशीनच्या बॉडीलाही घट्ट बांधली होती. दोन टोकांना अर्थ म्हणजे वायरीचं एक कडं तयार होतं आणि मेनची 50 सायकल त्यात फिरत बसते. मशीनकडचं टोक सोडलं, जाळी कापून वर स्लीव्ह चढवली. शील्डचा अर्थ फक्त रॅकमध्ये, एकाच जागी. मग केबल मोटरच्या पाइपमधून काढून वेगळ्या नळीतून नेली. हम गेला.

तरी दोन्ही मशीनची पातळी सारखी हवी होती. एकाच रिळाचा तुकडा दोन्हींवर चालवून मी खाली मधल्या रांगेत जाऊन ऐकायचो, मग वर येऊन लॅम्प किंचित सरकवायचो. मीटर होता, पण गर्दीच्या थिएटरात आवाज कसा बसतो ते मीटर सांगत नाही, म्हणून मॅटिनीला पुन्हा जाऊन बसलो. रीळ बदललं ते मला ठिपका दिसला म्हणूनच कळलं. शेजारचा माणूस शेंगा खात सिनेमा बघत होता.

निघताना रॅकच्या दारावर आतून सगळ्या वायरींचा नकाशा मराठीत लिहून चिकटवला: कुठला रंग कुठल्या सेलचा, अर्थ कुठे. पुढच्या माणसाला रात्री शोधाशोध करावी लागू नये, एवढ्यासाठी. पुढे डिजिटल आलं, रिळं गेली, पण तोवर मामा आणि त्यांच्यानंतरचा ऑपरेटर याच नकाशावरून वायरी जोडत होते.