वेरूळची वाट आणि चोरलेले वय

कापसाची पहिली वेचणी आटोपलेली असते, तूर अजून शेंगेत असते आणि पोरांची दिवाळीची सुट्टी अजून थोडी शिल्लक असते. शेतकऱ्याच्या घराला वर्षात सवड मिळते ती अशाच चार-आठ दिवसांची. या सवडीत एक दिवस घराबाहेर काढायचा, तर वेरूळसारखी जागा नाही. देव आहे, इतिहास आहे, किल्ला आहे, आणि पोरांनी पुस्तकात पाहिलेली लेणी समोर उभी आहेत. वाटेवर घर-पैशाची एक जुनी गोष्टही भेटते. त्या गोष्टीविषयीही आज बोलू.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. एसटी मिळते. शहर सुटले की पंधरा-एक किलोमीटरवर देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला उजाड माळातून एकदम उभा राहतो. यादवांची ही राजधानी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथे चालून आला. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली. पोरांना एवढे सांगितले तरी ती खिडकीला नाक लावून बसतात. वाटेत सीताफळे आणि पेरू घेऊन बसलेल्या बायका दिसतात. मग घाट, मग खुलताबाद. तिथला झोपलेल्या मूर्तीचा भद्रा मारुती प्रसिद्ध आहे. त्यापुढे चार-पाच किलोमीटरवर वेरूळ, मालोजीराजे भोसल्यांचे गाव.

या एका दिवसाच्या सहलीत तुमच्या पोराचे वय किती वेळा विचारले जाते, ते मोजून बघा. एसटीत विचारले जाते. लेण्यांच्या तिकीट खिडकीवर विचारले जाते. किल्ल्याच्या दारात विचारले जाते. लांबून आगगाडीने आलात तर तिथेही. प्रत्येक ठिकाणी घरातले कोणी तरी पटकन पुढे होते आणि पोराच्या वयातून एक-दोन वर्षे काढून टाकते. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, वय चोरणे. शब्दातच सगळे सांगितले आहे, तरी करताना कोणाला ती चोरी वाटत नाही.

एसटीचा नियम सरळ आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे, त्यापुढे पूर्ण. म्हणून आपल्या गाड्यांतून सहा-सहा वर्षांची पोरे वर्षानुवर्षे ‘पाचाच्या आत’ राहतात आणि चौदा वर्षांचे मुलगे ‘बारावे लागलेले’ असतात.

मागे याच वाटेने जाताना आमच्या पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. कडेवर लहानगी, शेजारी मुलगा. कंडक्टरने विचारले तशा त्या म्हणाल्या, “भाऊ, याला कुठं अजून पाच पूर्ण झाली.” कंडक्टर वादाला पडला नाही. त्याने मुलालाच विचारले, “काय रे, शाळेत जातोस का?” पोरगा ताठ बसून म्हणाला, “जातो की! दुसरीत आहे. पाढे येतात मला.” अख्खी गाडी हसली. बाई ओशाळल्या. कंडक्टर मात्र हळू आवाजात म्हणाला, “ताई, तुमचं हाफ आहेच, पोराचंही हाफ होईल. पण पुढं तपासणीला माणसं चढली, तर तुम्हाला दंड आन् माझ्यावर केस. माझी पोरं पण तुमच्या पोराएवढीच आहेत.” बाईंनी पदराची गाठ सोडली. मुलाने मात्र लगेच हात पुढे केला, “माझं तिकीट मला द्या.” ते चिटोरे त्याने शर्टाच्या खिशात घातले आणि उतरेपर्यंत तीनदा काढून पाहिले. आपणही एक प्रवासी आहोत, हे त्या कागदाने त्याला सांगितले होते.

कंडक्टरचे बोलणे नीट ऐकण्यासारखे आहे. गाडीत विनातिकीट माणूस सापडला तर तपासणी पथक पहिला जाब कंडक्टरला विचारते. आपण म्हणतो, “एसटीचे काय जाते? गाडी तर जाणारच आहे.” पण खोट्याचा भार एसटी नावाच्या कुठल्या तरी दूरच्या मालकावर पडत नाही. तो खाकी कपड्यातल्या, आपल्यासारख्याच एखाद्या गावातून आलेल्या माणसावर पडतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून ही गाडी आपल्याच पोरांनी चालवली आहे आणि आपल्याच पोरांना तालुक्याच्या शाळेत पोचवले आहे.

कोणी म्हणेल, नियमाला तरी काय अर्थ आहे? पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पोर फुकट, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराला अर्धे तिकीट! एका रात्रीत त्याचे वजन वाढले का? प्रश्न बरोबर आहे. पण रेघ कुठे तरी मारावीच लागते. शेताचा बांधही असाच असतो. बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची माती एकच, पाऊस एकच. तरी बांध म्हणजे बांध. जो शेजारी दर वर्षी नांगरताना दोन बोटे बांध कोरतो त्याला गाव काय म्हणते, ते तुम्हाला सांगायला नको. “दोन बोटांनी काय होते?” असे तोही म्हणतच असतो.

आता वेरूळच्या खिडकीपाशी येऊ. लेण्यांना मोठ्या माणसाला तिकीट आहे. भारतीयांसाठी ते २०१८ मध्ये ४० रुपये झाले. पण भारतीय पुरातत्त्व खात्याच्या जागांना पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही. वेरूळलाही नाही आणि देवगिरीलाही नाही. आपल्यापैकी कितीकांना हे ठाऊक असते? खिडकीवर एक गृहस्थ आम्ही पाहिले. बरोबर मिसरूड फुटू लागलेला मुलगा, आठवीतला तरी असावा. गृहस्थ म्हणाले, “हा दहा वर्षांचा आहे.” आतल्या माणसाने वरही न बघता सांगितले, “पंधरापर्यंत तिकीट लागत नाही.” खोटे बोलण्याचे काही कारणच नव्हते. केवळ सवयीने तोंडातून गेले. एक पैसा वाचला नाही. पोरगा मात्र मान फिरवून उभा राहिला आणि पुढे सगळी लेणी बापाच्या दहा पावले मागून चालत राहिला. त्या वयाच्या मुलाला चारचौघांत दहा वर्षांचा म्हणणे म्हणजे काय, हे बाप क्षणभर विसरला होता.

म्हणून पहिली गोष्ट: निघण्याआधी नियम विचारून घ्या. हक्काची सवलत पुष्कळ आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीत सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. मुलीला पाच ते बारा अर्धे होतेच, आता पुढेही अर्धेच. म्हणजे एसटीत बारा उलटलेल्या मुलीचे वय चोरण्याचे कारणच उरले नाही. पासष्टच्या पुढच्यांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. लेण्यांपासून पायी जाण्याइतके जवळ असलेले घृष्णेश्वराचे देऊळ जिने बांधून काढले, तीच ही अहिल्याबाई. आगगाडीतही पाचाच्या आत तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ न मागितल्यास अर्धे पडते, आणि एप्रिल २०१६ पासून बर्थ मागितल्यास पूर्ण. जे हक्काचे आहे ते न लाजता घ्यावे. त्यात कोणाचे उपकार नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची. समजा पूर्ण तिकीट साठ रुपये आहे. पोराचे अर्धे तीस. जाऊन-येऊन साठ रुपये. तीन पोरे असली तर एकशे ऐंशी. हातावर पोट असलेल्या घराला ही रक्कम लहान नाही आणि ती लहान आहे असे म्हणणाऱ्याने कधी रोजंदारी केलेली नाही. पण त्याला उपाय खोट्याशिवायही आहेत. घरून भाकरी, ठेचा, शेंगा बांधून घेतल्या तर हॉटेलचा खर्च वाचतो, आणि घृष्णेश्वराच्या पायरीवर कोणी वय विचारत नाही. शाळेच्या सहलीला एसटी सवलतीत मिळते, तेव्हा मोठ्या मुलांना तिकडून लेणी पाहू द्यावीत. यंदा वेरूळ, पुढच्या वर्षी देवगिरी, असे वाटून घेतले तरी चालते. लेणी कुठे पळून जात नाहीत.

वयाशी आपले नाते पूर्वी जरा ढिलेच होते, हेही खरे. आजीला जन्मसाल विचारा. ती म्हणेल, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझा काका रांगत होता, बहात्तरच्या दुष्काळात धाकटी पोटात होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अदमासाने १ जून लिहिला, आणि महाराष्ट्रातल्या हजारो माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी आला. त्यात फसवणूक नव्हती, नोंदच नव्हती. त्या चुकीची किंमत मात्र आज कित्येक म्हातारी माणसे मोजतात. कागदावर वय कमी पडले म्हणून हक्काची सवलत हुकते, निवृत्तिवेतनाला हेलपाटे पडतात.

आताच्या पोरांचे तसे नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवी दुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. जन्मदाखला हा पोराच्या नावचा पहिला सातबारा समजा. सातबाऱ्यावर एक चुकीची नोंद पडली तर किती पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग पोराच्या वयाची नोंद आपणच तोंडाने का बदलावी? ते वय त्याचे आहे.

आणि पोराला ते किती प्यारे असते! सहावे लागले की ते आल्यागेल्याला सांगते, “मला सहावं लागलं.” भिंतीला टेकून उंचीची खूण करून घेते. अशा पोराला गाडीत चढण्याआधी कोपऱ्यात घेऊन आपण सांगतो, “विचारलं तर चार सांग हं.” पोर ऐकते. आईबापाचे ऐकायचे असते, एवढे त्याला कळते. पण त्या दिवशी ते दोन धडे शिकते. मोठे होण्यात काही तरी लपवण्यासारखे आहे, हा एक. आणि खरे बोलायचे ते पैसे लागत नाहीत तोवरच, हा दुसरा. पुढे तेच पोर शाळेची फी, खताच्या दुकानातली उधारी, हाटातली मोड यांचा हिशोब घरी वेगळा सांगू लागले, तर त्याला पहिला पाढा कोणी शिकवला?

वेरूळला गेलात की कैलास लेण्यापुढे जरा बसा. एकूण चौतीस लेण्यांतले हे सोळावे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. आधी पाया, मग भिंती, मग कळस अशी ही बांधणी नाही. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, आधी कळस आणि शेवटी जोते. सुमारे शंभर फूट खोल. या कामात एक अडचण होती. मातीच्या भिंतीचा पोपडा पडला तर लिंपता येतो. इथे छिन्नीचा घाव चुकला तर उडालेला दगड परत बसवता येत नव्हता. म्हणून प्रत्येक घाव विचाराने घातला. पोराला कमरेशी धरून हे दाखवा. त्याला ते कळेल. आपल्यालाही कळायला हरकत नाही.

जाताना एवढे लक्षात ठेवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. देवगिरीच्या अंधारीत लहान पोरांचा हात सोडू नका. उन्हाच्या आत लेणी पाहून घ्या आणि देवदर्शन नंतर करा. पाण्याचा मोठा डबा, डोक्याला रुमाल, आणि पिशवीत पोरांच्या जन्मदाखल्याची किंवा आधारकार्डाची एक झेरॉक्स असू द्या, म्हणजे कंडक्टरशी हुज्जत नको. सुटे पैसे जवळ ठेवा. आणि वय विचारले गेले, तर उत्तर पोरालाच देऊ द्या. ते बरोबर सांगेल.