लॅव्हनहॅमचें बिऱ्हाड

गेल्या वर्षीं आम्हांस सहकुटुंब इंग्लंडास जाण्याचा योग आला. आमचे चिरंजीव तिकडे केंब्रिजकडे नोकरीस असतात. शहरांतील भाड्याच्या जागेस कंटाळून खेड्यांत एखादें जुनें घर विकत घ्यावें, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. सूनबाई व्यवहारी, त्या म्हणाल्या कीं, मुलगी देण्यापूर्वीं जसें स्थळ पाहतात, तसें घर घेण्यापूर्वीं गांव पाहावें, आणि तेंही राहून पाहावें. तदनुसार सफोक परगण्यांतील लॅव्हनहॅम या गांवीं तीन महिन्यांचें बिऱ्हाड केलें होतें. आम्ही उभयतां त्या बिऱ्हाडांतले पाहुणे.

गांव सुमारें सतराशें वस्तीचें. परंतु कायद्यानें संरक्षिलेल्या जुन्या इमारती तेथें तीनशेंहून अधिक आहेत. घरांचे सांगाडे ओकच्या लांकडाचे, मधल्या भिंती आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें कुडाच्या व मातीनें लिंपलेल्या, वर चुन्याचा हात. लांकूड ओलें असतांनाच वापरण्याची तिकडे चाल होती. वाळतांना तें पिळलें, आणि त्याबरोबर घरही वांकलें. कोठें माडी रस्त्यावर ओणवली आहे, कोठें एक घर शेजारच्या घरास खांदा देऊन उभें आहे. पहिल्याच सकाळीं आमच्या मंडळींनीं खिडकींतून पाहून विचारिलें, "अहो, हीं माणसं या घरांत निजतात तरी कशीं?" पांचशें वर्षें निजत आहेत, एवढेंच उत्तर आम्हीं दिलें.

पांचशें वर्षांपूर्वीं मात्र हें खेडें नव्हतें, पेठ होती. येथील लोंकरीचें निळें कापड परदेशीं जाई. १५२४ च्या सुमारास राजाच्या करवसुलींत या चिमुकल्या गांवाचा क्रम साऱ्या इंग्लंडांत चौदावा होता, असें सांगतात. त्याच संपत्तीवर १४१ फूट मनोऱ्याचें भव्य देवालय उभें राहिलें. ऑक्सफर्डचा अर्ल जॉन द व्हीअर आणि टॉमस स्प्रिंग नांवाचा कापडाचा व्यापारी या दोघांनीं त्यास सढळ हातानें द्रव्य दिलें. बाजारचौकांतील गिल्डहॉल १५३० च्या सुमाराचा, श्रीमंतांच्या एका धर्ममंडळानें बांधिलेला. पुढें त्याच वास्तूंत कैदी ठेविले, मग दरिद्री लोक ठेविले. वास्तूच्या कुंडलींतही असे ग्रह असतात!

मग नेदर्लंडांतून आलेल्या निर्वासित विणकरांनीं कोल्चेस्टर येथें हलकें व स्वस्त कापड काढिलें, आणि लॅव्हनहॅमच्या जाड कापडास गिऱ्हाईक उरलें नाहीं. पेठ बसली. जेथें पैसा खेळत राहिला, तेथील लोकांनीं जुनीं घरें पाडून विटांचीं नवीं बांधिलीं. येथील लोकांपाशीं पाडण्यापुरताही पैसा नव्हता. आज ज्या वांकड्या घरांचे फोटो घेण्यास लोक मोटारी भरभरून येतात, तीं दारिद्र्यानें राखिलीं आहेत. आणि त्या दारिद्र्याची किंमत आतां अशी चढली आहे कीं, गांवांतल्या सुताराच्या मुलानें आपल्याच गांवांत घर घेऊं म्हटल्यास त्याची छाती होत नाहीं.

शिलिंग स्ट्रीट नांवाच्या गल्लींत जेन टेलर या लेखिकेचें बालपणींचें घर दाखवितात. लुकलुकणाऱ्या तारकेवरील जें इंग्रजी बालगीत आपल्याकडील पोरेंही घोकतात, तें यांचें. १८०६ सालीं तें छापून निघालें. आम्ही संस्कृत शिकविणारे. परंतु शेजारच्या वर्गांतून तें ऐकण्यांत आमचीं पस्तीस वर्षें गेलीं. त्या दाराशीं आम्ही जरा अधिकच रेंगाळलों.

असो. चिरंजीवांनीं पसंत केलेलें घर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचें. घेणाऱ्यानें आपल्या खर्चानें तज्ज्ञाकडून घर तपासून घ्यावें, अशी तिकडील रीत. तज्ज्ञांनीं भिंतीभिंतींतून ओल मोजली आणि चाळीस पृष्ठांचा अहवाल दिला. पूर्वीच्या मालकानें चुना खरवडून पुढच्या भिंतीस सिमेंट लाविलें होतें. चुन्यांतून ओल वाळून जाते. सिमेंटाआड ती कोंडते, आणि आंतलें ओक कुजत राहतें. शिवाय मागील बाजूस परवानगीवांचून प्लॅस्टिकची खिडकी बसविलेली. संरक्षित घरांत असा फेरफार करणें हा १९९० च्या कायद्यानें फौजदारी गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. कैद करणाऱ्यास, पण खिडकी पूर्ववत् करण्याचा हुकूम आजच्या मालकावर सुटतो, आणि त्यास मुदतीची आडकाठी नाहीं. पूर्वजन्मींचें पाप भोगावें लागतें हें आम्ही शिकवीत आलों. पूर्वमालकाचेंही भोगावें लागतें, हें येथें कळलें.

देवळाच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीचाही एक प्रकार आहे. इंग्लंडांत कांहीं जमिनींच्या मालकांवर तो खर्च मध्ययुगापासून बसलेला आहे. वॉरिकशरमधील ॲस्टन कँटलो या गांवच्या एका दांपत्यास शेताबरोबर हें देणें लाभलें. २००३ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तें कायम केलें, आणि अखेर आंकडा पावणेदोन लाख पौंडांच्या वर गेला! वकिलांनीं आमच्यासाठीं तोही शोध घेतला; सुदैवानें हें घर त्यांतून मोकळें निघालें. आपल्या ताम्रपटांत दान देणारा राजा पुढील राजांस बजावितो कीं, दानाहून दानाचें रक्षण थोर. रक्षणाचा खर्च कोणाच्या नांवें, तें मात्र ताम्रपटांत नसतें.

अहवाल वाचून सूनबाईंचा उत्साह मावळला, चिरंजीवांचा वाढला. दुरुस्तीचा खर्च वजा घालून त्यांनीं किंमत कळविली. करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत तिकडे शब्द बंधनकारक नसतो. साखरपुडा झाल्यावरही दुसरें वरचढ स्थळ आलें तर लग्न मोडतें. एके सायंकाळीं शेजारच्या वृद्ध बाईंनीं कुंपणावरून विचारिलें, "घर शनिवार-रविवारपुरतें घेतां, कीं राहण्यास?" चिरंजीव तत्काळ म्हणाले, "कायमचे राहण्यास." बाईंची मुद्रा खुलली. आमच्या मंडळी आंत निघून गेल्या.

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. वाई येथील आमचा वाडा बारा वर्षांपूर्वीं विकला. माळवद गळत होतें, दुरुस्तीस पैसा व माणूस दोन्ही नव्हतें, आणि "बाबा, आतां त्यांत जीव गुंतवूं नका" असा सल्ला याच चिरंजीवांचा. सल्ला चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. सागवानी खांब मोजून विकले गेले. आज तेथें चार मजली इमारत आहे.

निघण्याच्या आदल्या रात्रीं चिरंजीव वही घेऊन आमच्यापाशीं येऊन बसले. तिकडे चुन्याच्या गिलाव्यांत जनावरांचे केंस मिसळतात. वाड्याच्या चुन्यांत काय घालीत, असें त्यांनीं विचारिलें. गूळ आणि हिरड्याचें पाणी, आम्हीं सांगितलें. आणि घाणींत चुना दळून झाल्यावर तो कांहीं दिवस भिजत ठेवीत. "किती दिवस?" त्यांनीं मान वर न करतां विचारिलें. तें आम्हांस आठवेना. आमच्या वडिलांस ठाऊक होतें.